डायलिसिसच्या निधीसाठी ४२ किमी : कोल्हापुरातून तयारी करतेय, सल्ला हवा आहे

रंकाळाकाठची | ३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

वय ४३, पतसंस्थेत नोकरी, दोन मुलं, त्यातलं एक यंदा दहावीला. तीन वर्षांपूर्वी रंकाळ्यावर चालायला सुरुवात केली, चालता चालता पळायला लागले. गेल्या हिवाळ्यात २१ किमी पूर्ण केली, २ तास ४१ मिनिटं लागली. आता १८ जानेवारीला टाटा मुंबई मॅरेथॉनला पूर्ण ४२.१९५ किमी पळायचं ठरवलंय. जागा एका संस्थेमार्फत मिळाली आहे, म्हणजे ठरलेला निधी मी गोळा करून संस्थेला द्यायचा आणि त्यांच्या वतीने पळायचं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

हे का करतेय ते सांगते. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला आप्पा म्हणतो, साडेचार वर्षं डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. आणायला-न्यायला बहुतेक वेळा मीच असते. आमचं निभतं. पण आप्पाच्या शेजारच्या खाटेवर गारगोटीच्या बाजूचा एक तरुण मुलगा असतो, पहाटेच्या एसटीने येतो. डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, पण एसटीचं भाडं, हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं आणि आठवड्याला बुडणारी तीन दिवसांची मजुरी कुठून आणायची? पावसाळ्यात एका आठवड्यात तो तीनाऐवजी दोनदाच आला. पुढच्या खेपेला आला तेव्हा पाय खांबासारखे सुजलेले, बुटाची नाडी सोडूनच आत आला होता, आणि आडवं झोपलं की धाप लागायची म्हणून खाट उभी करून बसवला होता. ही संस्था नेमकं तेवढंच करते : प्रवासखर्च आणि औषधं. एकही खेप चुकू नये, एवढाच त्यांचा उद्देश.

आता प्रश्न. १८-२० किमीच्या पुढचं अंतर कोल्हापुरात कुठे पळायचं? रंकाळ्याच्या फेऱ्या मारून मारून डोकं भणभणतं. पहाटे साडेचारला बाई माणसाने एकटीने बाहेर पडायचं की नाही? लांब पळताना काय खायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे लोकांकडे पैसे कसे मागायचे? मी आयुष्यात कुणाकडे शंभर रुपये उसने मागितले नाहीत.

घाटवाट | ३ ऑगस्ट, दुपारी १:०५

ताई, आधी अभिनंदन. मी नऊ पूर्ण मॅरेथॉन पळालोय, त्यातल्या चार मुंबईच्या. अनुभवावरून सांगतो, वाचून नाही.

आजपासून शर्यतीपर्यंत तुमच्याकडे २४ आठवडे आहेत. भरपूर आहेत, घाई करू नका. आठवड्यातून चार दिवस पळा, दोन दिवस व्यायामशाळा किंवा घरच्या घरी बैठका, पायऱ्या, पोटऱ्यांचा व्यायाम. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि ती सुट्टी खरोखर घ्या. पळण्यातलं बहुतेक पळणं इतक्या सावकाश असावं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की तुम्ही जोरात पळताय. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच, सगळं पळणं मध्यम जोरात करायचं. त्यात ना आराम होतो ना वेग वाढतो.

रविवारचं लांब पळणं १६ पासून सुरू करा, दर आठवड्याला एक-दोन किमी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम खाली या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एकदा ३० ते ३२ झालं की पुरे. ४२ सरावात पळायची गरज नसते. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. त्या दिवसांत पाय शिवशिवतात, तयारी मोडल्यासारखी वाटते, तरी जास्त पळायचं नाही.

जागेचं म्हणाल तर रंकाळा सपाट आहे, फेरी साधारण चार-साडेचार किमीची, तिथे वेग समजतो. पण नुसत्या रंकाळ्यावर तयारी करून मुंबईला जाऊ नका. पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ तिशी उलटल्यावर येतो. चढ फार मोठा नाही, आपल्या पन्हाळ्याच्या घाटापुढे काहीच नाही, पण तोवर मांड्यांत जीव उरलेला नसतो. म्हणून लांब पळण्याचा शेवट चढावर करा. मी रंकाळ्यावर तीन फेऱ्या मारून शहरातून शिवाजी विद्यापीठात जायचो आणि शेवटचे पाच-सहा किमी तिथल्या चढउतारावर काढायचो. झाडी आहे, गाड्या कमी. दुसरा रस्ता कळंब्याकडून कात्यायनीचा. पहाटे सुंदर असतो, पण ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू झाल्या की गळीत हंगाम संपेपर्यंत तो रस्ता विसरा. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागची ट्रॉली वळणावर कुठे येईल सांगता येत नाही.

अजून एक. आपली डिसेंबरची पहाट थंड आणि कोरडी. मुंबईत जानेवारीतही आठ-साडेआठनंतर दमट होतं. इथला वेग तिथे धरायचा नाही.

पहाटपावलं | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई, साडेचारला एकटी नको. सव्वापाचला चालेल, तेव्हा पदपथ उद्यानाच्या बाजूला माणसं असतात. आम्ही सहा-सातजणी रंकाळा टॉवरपाशी जमतो, वेग कुणाचाही असो, कुणी मागे राहिली तर एक थांबते. निरोप करा.

एकटीने जायचंच झालं तर उजळ पट्ट्यांचं जाकीट, घरच्या एकाला मोबाइलवरून चालू ठिकाण, आणि कानात काही नको. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, नजर खाली, हळूहळू बाजूला व्हा. मला दोन वर्षांपूर्वी पोटरीला चावलं होतं. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि सकाळीच लस सुरू केली. हळद-मिरची लावत बसू नका कुणी.

नाचणीची_भाकर | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

खाण्याचं मी सांगते, पंधरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय.

शरीरात साठवलेली साखर साधारण ३० किमीच्या आसपास संपत येते. पाय एकदम शिसं भरल्यासारखे होतात ते त्यामुळे. म्हणून तासाभराच्या पुढे पळायचं असेल तर पळतानाच खायला लागायचं, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. महागड्या जेलच्या पुड्याच हव्यात असं काही नाही. आपल्या गुळात जवळपास सगळी साखरच असते. सुपारीएवढे दोन-तीन खडे, खजूर, राजगिऱ्याची वडी, सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की मात्र पळून झाल्यावर खा, शेंगदाण्यातलं तेल पळताना पोटात बसतं. जे शर्यतीत खायचं तेच दर रविवारी खाऊन पोटाला सवय लावा. नवीन काहीही शर्यतीच्या दिवशी नाही.

शनिवारी रात्री तांबडा-पांढरा नको, साधा वरणभात, बटाट्याची भाजी, ताक. रविवारी पळून आल्यावर हवा तेवढा रस्सा ओरपा. आणि गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन पळायला जाणारे लोक मी बघितलेत. दूध उत्तम आहे, पण नंतर.

पाणी तहानेप्रमाणे. दर थांब्यावर भीतीपोटी बाटली रिकामी करायची नाही. चार-पाच तासांच्या शर्यतीत नुसतं पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आलटून पालटून घ्या.

एक वैयक्तिक विचारते, इथे उत्तर देऊ नका, स्वतःला विचारा. अंतर वाढल्यावर पाळी अनियमित झाली का? हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व तपासलंय का? चाळिशीच्या बायका घरच्या सगळ्यांना वाढून उरलेलं खातात आणि रविवारी २५ किमी पळतात. त्याचा हिशेब शरीर नंतर हाडांकडून वसूल करतं.

साधाप्रश्न | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

कुणाचं मन दुखवायचं नाही, पण मनापासून विचारतो. नोंदणी, बूट, मुंबईचा प्रवास, मुक्काम धरून वीस-पंचवीस हजार जातात. तेवढे त्या मुलाच्या एसटीला थेट दिले तर? आजारी माणसाला मदत करायला पळायचं कशाला, हे मला आजवर कुणी नीट समजावलेलं नाही.

रंकाळाकाठची | ४ ऑगस्ट, रात्री १०:१०

साधाप्रश्न, हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारला. बूट, प्रवास, मुक्काम सगळं माझ्या पगारातून. गोळा झालेल्यातला एक रुपया त्यात नाही, पैसे माझ्या खात्यात येतच नाहीत. आणि मी नुसतेच पंचवीस हजार दिले असते तर पंचवीसच झाले असते, पुढच्या वर्षी पुन्हा कोण देणार? माझ्या ओळखीच्या शे-दीडशे लोकांना डायलिसिसची एक खेप चुकली म्हणजे काय होतं ते माहीत नाही. मी पहाटे पळते म्हटल्यावर ते विचारतात का, आणि मग मला सांगता येतं. नाहीतर चहाच्या टेबलावर हा विषय काढणार कसा?

तालमीतला | ५ ऑगस्ट, सकाळी ७:००

ताई, पैसे मागायची लाज कशापायी? लोकांच्या पैशावर खेळाडू जाणं आपल्याकडं लई जुनं हाय. आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन पळाले, १९वे आले. तो संघ दोराबजी टाटांनी पदरमोड करून पाठवला. आणि खाशाबा जाधव तर आपल्या राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तवा प्राचार्य खर्डेकरांनी सोताचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, आणि परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवून, सोता लढून ते पैसे फेडले.

आमच्या तालमीतल्या पोरांना मी हेच सांगतो. मागणाऱ्यानं ताठ मानेनं मागावं आणि देणाऱ्याला हिशेब द्यावा. तुम्ही तर सोतासाठी मागतच न्हाई. माझे ५०१ धरा.

हिशेबनीस | ५ ऑगस्ट, सकाळी ११:४५

तालमीतला, शेवटचं वाक्य सोन्यासारखं. व्यवसायाने हिशेबाचं बघतो म्हणून थोडं जोडतो.

ताई, पैसे थेट संस्थेच्या खात्यात, देणगीदाराच्या नावाची पावती थेट त्याला. तुमच्या गूगल पेवर एक रुपयाही घेऊ नका, कितीही जवळचा माणूस असो. करसवलतीसाठी रोख देणगी २००० रुपयांपर्यंतच चालते, त्यावर बँकेतून द्यायला सांगा. आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला या देणगीची सवलत मिळत नाही, ते आधीच स्पष्ट सांगा, नंतर वाईटपणा नको.

रंकाळाकाठची | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

थोडं उशिरा लिहितेय. पावसाने खूप दिवस खाल्ले. पंचगंगा वाढायला लागली की राजाराम बंधाऱ्याच्या फुटांकडे बघतच दिवस जातो (३९ ला इशारा, ४३ ला धोका, आमच्या गल्लीत हे आकडे पोरांनाही पाठ आहेत). पण पळणं थांबलं नाही. पहाटपावलं आणि तिच्या मैत्रिणींमुळे जमलं. गेल्या रविवारी २२ झाले, शेवट विद्यापीठात. घाटवाट, तुमचं म्हणणं तिथल्या चढावर पटलं.

पैशांचं सांगते. पहिल्या आठवड्यात मी मोठा मेसेज लिहून सगळ्या गटांवर टाकला, तीनशेच्या वर लोकांना गेला असेल. सहाजणांनी दिले. मग मेसेज बंद केले आणि रोज दोघांशी समोरासमोर बोलायला लागले. आमच्या शाखेत ठेव मोडायला आलेले एक आजोबा सगळं ऐकून गप्प बसले. सही करताना विचारलं, 'त्या पोराचं नाव काय?' मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही. 'बरोबर आहे,' म्हणाले आणि हजाराची पावती करायला सांगितली. आमच्या भाजीवाल्या मावशींनी रोज दहा दहा करून बाजूला ठेवलेले ३०० दिले. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या फोनवरून संस्थेला पाठवले, पावती त्यांच्या नावाने आली, ती त्यांनी तराजूच्या मागे चिकटवलीय.

आज ५८ देणगीदार, ९२,००० रुपये.

घाटवाट | २१ सप्टेंबर, रात्री ८:५०

ताई, नाद खुळा. तराजूमागची पावती वाचून डोळ्यांत पाणी आलं. सप्टेंबरला २२ म्हणजे थोडं पुढेच आहात, पुढचा आठवडा खाली आणा.

रंकाळाकाठची | २ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

आज २८ झाले. पण उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय. खरं सांगायचं तर दोन आठवडे दुखतंय. एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी दाबून बघितलं, एक्स-रेत काही नाही म्हणाले आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. गेले दोन रविवार मी गोळी घेऊन पळाले. गोळी उतरली की रात्री पुन्हा ठणकतं. आता ११ आठवडे राहिलेत. बर्फ आणि पट्टी बांधून चालेल ना?

पायवाट_फिजिओ | २ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

ताई, उद्यापासून पळणं बंद. मी फिजिओथेरपिस्ट आहे, न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मला आवडलेल्या नाहीत.

नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच इंच लांबीत पसरलेलं दुखणं, जे पळायला लागल्यावर थोडं मोकळं होतं, ते बहुतेक वेळा स्नायूच्या जोडाचा दाह असतो. ते अंतर कमी करून आवरतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, पळताना वाढत असेल आणि रात्री आडवं पडल्यावरही ठणकत असेल तर हाडाला ताण आलेला असू शकतो, बारीक चीरसुद्धा. सुरुवातीला एक्स-रेत ती दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि रात्री दुखतं हे तोंडाने सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

आणि वेदनाशामक गोळी घेऊन लांब पळणं पुन्हा कधीही नको. दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक, ती गोळीने बंद होते, चीर तशीच वाढत राहते. शिवाय घाम गाळत तीन-चार तास पळताना या गोळ्यांचा भार मूत्रपिंडावर येतो. तुम्ही कशासाठी पैसे गोळा करताय ते आठवा.

रंकाळाकाठची | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२५

एमआरआय झाला. नडगीच्या हाडाला ताण, चीर पडायच्या बेताला आलेली. किमान सहा ते आठ आठवडे पळायचं नाही, त्यानंतर हळूहळू. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन दोन्ही फार कमी. नाचणीची_भाकर, तुम्ही ऑगस्टमध्येच विचारलं होतं. मी तपासणी पुढे पुढे ढकलली.

८४ लोकांनी दिलेत, १,३७,००० रुपये. उद्या शाखेत ते आजोबा येतील, मावशी रोज विचारतात किती झालं. यांना काय तोंड दाखवू? मनात येतंय की आठ आठवडे पूर्ण आराम करायचा आणि १८ तारखेला चालत का होईना ४२ किमी पूर्ण करायचे. कुणी असं केलंय का? वेळेची मर्यादा सोडून देऊ, पण निदान सुरुवात तरी.

शाहूपुरी_४१६००१ | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ताई, मी केलंय. गुडघा दुखत असताना अर्धं चालत अर्धं पळत पूर्ण केली होती. मनाने ठरवलं की होतं. हिंमत सोडू नका.

पायवाट_फिजिओ | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

शाहूपुरी, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण गुडघ्याचा दाह आणि हाडाचा ताण एक नव्हे. आठ आठवड्यांनी हाड नुसतं भरत आलेलं असतं. त्यावर पन्नास हजारांच्या वर पावलं टाकायची? चीर पूर्ण गेली तर सहा महिने काठी, कधी शस्त्रक्रिया. ताई, याचं उत्तर 'नाही' आहे.

साधाप्रश्न | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मी ऑगस्टमध्ये विचारलं होतं पळायचं कशाला. माझं मत आजही तेच आहे, म्हणून मला हे सांगायला सोपं जातंय : पैसे किलोमीटरला दिलेले नाहीत. तुमचं उत्तर वाचून मी सप्टेंबरमध्ये दिले होते, ते त्या मुलाच्या एसटीसाठी दिले. तुम्ही ४२ पळालात, ४ पळालात की घरी बसलात, एसटी तर धावतेच आहे ना? ते पैसे पोहोचलेत. माझ्याकडून तुम्ही मोकळ्या आहात.

घाटवाट | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

साधाप्रश्न यांनी जे लिहिलं ते आम्हा पळणाऱ्यांना सुचायला हवं होतं. चूक माझीही आहे. मी अंतराचा तक्ता दिला, पण दोन आठवडे टिकलेलं दुखणं म्हणजे थांबायचं, हे ऑगस्टमध्ये ठळक लिहायला हवं होतं. नव्यांनी वाचावं म्हणून आता लिहितो : निधीसाठी पळणार असाल तर पहिल्या दिवशीच देणगीदाराला सांगा, तयारी पूर्ण झाली तर पळेन, दुखापत झाली तर थांबेन, निधी दोन्ही वेळेला संस्थेलाच जाईल. अमुक किमीला अमुक रुपये अशी बोली लावूच नका. त्या बोलीपायी माणूस मोडक्या पायावर पळतो.

रंकाळाकाठची | १४ नोव्हेंबर, रात्री १०:००

काल आप्पाला आणायला गेले होते. सुई काढल्यावर दहा मिनिटं हातावर बोळा दाबून धरावा लागतो, तो मी धरते. तेवढ्यात त्याला सांगितलं. मला वाटलं समजूत काढेल. तो म्हणाला, 'मला इथवर आणायला तुझे पाय लागतात. ते मोडून कुणासाठी पळणार आहेस?' बोळा धरून बसले होते, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मुंबईला जाणार नाही. सगळ्यांना पत्र लिहायचंय. कच्चं लिहिलंय, त्यात तीनदा माफी मागितलीय. नीट करून द्याल का कुणी?

हिशेबनीस | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

तीनही माफ्या काढा. पहिल्या ओळीत काय झालं, दुसरीत पैसे कुठे आहेत, मग ज्याला परत हवेत त्याने संस्थेशी कसं बोलायचं, आणि तुम्ही पुढे काय करणार. एवढंच. देणगीदाराला सगळ्यात आधी हिशेब हवा असतो. संस्थेला आधी फोन करून त्यांना कळवा, मग पत्र.

रंकाळाकाठची | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

हे पाठवलं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना छापून हातात दिलं.

'नमस्कार. माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला सरावात इजा झाली आहे, त्यामुळे १८ जानेवारीला मी मॅरेथॉन पळणार नाही. तुमच्यासह ८४ जणांनी दिलेले १,३७,००० रुपये संस्थेच्या खात्यात पूर्ण जमा आहेत आणि रुग्णांच्या प्रवासासाठी व औषधांसाठी वापरले जात आहेत. मी पळणार म्हणून तुम्ही दिले असतील आणि ते परत हवे असतील तर तसं मोकळेपणाने सांगा, मी स्वतः संस्थेशी बोलेन. जानेवारीअखेर खर्चाचा हिशेब तुम्हाला पाठवेन. बरी झाले की पुन्हा पळेन.'

एका गृहस्थांनी परत मागितले, २००० होते. संस्थेची पावती फाडून झालेली, परत देणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून मी माझ्याकडचे दिले. त्यांचं काही चुकलं नाही, ते मॅरेथॉनसाठीच दिले होते. मावशींनी पत्र मुलीकडून वाचून घेतलं आणि मला अर्धा किलो मेथी दिली, हाडाला चांगली म्हणून. पैसे घेतले नाहीत.

तालमीतला | १६ नोव्हेंबर, दुपारी २:००

ह्याला म्हणत्यात हिशेब. ताई, आमच्या तालमीतल्या पोरांनी वर्गणी काढलीय, ६,२०० झालेत. उद्या बँकेतनं पाठवतो.

पायवाट_फिजिओ | १४ डिसेंबर, सकाळी ९:३०

ताई, विचारायचं राहिलं, कसं आहे? चालताना दुखत नसेल तर सायकल किंवा पोहणं डॉक्टरांना विचारून सुरू करा. पोटऱ्या आणि मांड्यांचा व्यायाम सोडू नका.

रंकाळाकाठची | १४ डिसेंबर, रात्री ८:१५

चालताना काही नाही. घरात एका जागी चालवायची सायकल आणलीय, मुलगा तिच्यावर बसून दहावीचा इतिहास पाठ करतो, तो उठला की मी बसते. गोळ्या चालू आहेत. आता सगळ्यांबरोबर ताट वाढून घेऊन बसते.

घाटवाट | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

मुंबईहून. पूर्ण केली, ४ तास ३८. सी लिंकवर उजाडताना वारा छान होता, पेडर रोडला दरवेळेसारखे हाल. चढाच्या मध्यावर एक आजी स्टुलावर बसून संत्र्याच्या फोडी वाटत होत्या, सोललेल्या, बिया काढलेल्या. त्यांच्या हातातली फोड घेताना तुमच्या भाजीवाल्या मावशी आठवल्या. ताई, एकूण निधी किती झाला?

रंकाळाकाठची | १८ जानेवारी, रात्री ९:००

अभिनंदन दादा! १,७१,४०० झाले. पत्र गेल्यावर जास्त आले, मला वाटलं नव्हतं. हिशेब महिनाअखेर इथेही टाकते. गारगोटीच्या मुलाची नोव्हेंबरपासून एकही खेप चुकलेली नाही. काल बुटाच्या नाड्या बांधून बसला होता.

रंकाळाकाठची | २५ जानेवारी, दुपारी १:३०

डॉक्टरांनी परवानगी दिली. एक मिनिट हळू पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं पाच वेळा, एक दिवसाआड. आज केलं. आप्पा बरोबर आला होता. त्याच्या डॉक्टरांनीही त्याला रोज थोडं चालायला सांगितलंय. टॉवरपासून संध्यामठ दिसतो तिथपर्यंत गेलो, मी पुढे पळून परत त्याच्यापाशी यायचे. अर्ध्या वाटेत बाकावर बसलो. पाणी उतरलंय, मठाच्या पायऱ्या दिसतायत.

मंगळवारी पुन्हा जाणार आहे, सव्वापाचला, रंकाळा टॉवर. कुणी येणार का?

पहाटपावलं | २५ जानेवारी, दुपारी १:३४

आम्ही सहाहीजणी.

साधाप्रश्न | २५ जानेवारी, दुपारी २:१०

मला पळता येत नाही. आप्पांबरोबर चालायला चालेल का?

रंकाळाकाठची | २५ जानेवारी, दुपारी २:१२

या. मंगळवारी त्याचं डायलिसिस अकराला असतं, म्हणून सातच्या आत परतायचं.